आईनं वाचलेली चोविसावी ओळ

आमच्या घरात भूत चालत नाही, हे आधीच सांगून टाकतो. अंगात येणं चालत नाही, उतारा चालत नाही, लिंबू-मिरची घरात येते ती फक्त स्वयंपाकाला. लहानपणी गल्लीतली बायामाणसं कोपऱ्यावरच्या चिंचेला घाबरायची, तर बाबांनी पूर्ण उन्हाळा त्याच चिंचेखाली खाट टाकून दुपारच्या झोपा काढल्या. चिंचेनंच कंटाळून नाद सोडला असणार. तर असं आमचं घर. या ग्रुपवरचे भुताखेतांचे अनुभव मी दोन वर्षं वाचतोय, आणि खोटं कशाला बोलू, हसायला म्हणून वाचतोय. आज स्वतःच लिहायला बसलोय म्हटल्यावर माझ्यावर हसायचा तुम्हालाही पूर्ण हक्क आहे.

लिहू का, म्हणून आईला विचारलं. ती म्हणाली, "लिही. पन समजलं नाई असं लिही, भूत होतं असं लिहू नको." म्हणून तसंच लिहितो.

मी अमरावतीला राहतो, बडनेरा रोडच्या बाजूला. घरी मी आणि आई. काम घरूनच — सॉफ्टवेअरसोबत येणारी माहितीची पानं दुरुस्त करायची. कॉम्प्युटरवर काळ्या खिडकीत एखादी आज्ञा टाइप करायची असते, तिचा वापर कसा करायचा, कुठला पर्याय काय करतो, हे सांगणारी ही पानं. यांना मॅन पेज म्हणतात. जगात कोणी ती वाचत नाही. सगळं बिघडून झालं, मित्राला विचारून झालं, देवाला विचारून झालं, की मग माणूस ती उघडतो.

आणि हल्ली ही पानं माणूस लिहीतही नाही. प्रोग्रामच्या पोटात जी मदतीची माहिती असते ती दुसरा एक प्रोग्राम उचलतो आणि आपोआप पान तयार करतो. आपोआप म्हणजे कसं, तर दोन पर्याय एकाच ओळीत चिकटलेले, उदाहरणं सगळी एका परिच्छेदात कोंबलेली, जिथे छोटी आडवी रेघ हवी तिथे लांब रेघ — म्हणजे तिथून आज्ञा कॉपी केली की ती चालतच नाही. हे निस्तरायला मी. लोकांना हे काम कंटाळवाणं वाटतं. मला मनापासून आवडतं. वाकडं पान सरळ झालं की मला जेवण गोड लागतं, आता याला काय करणार!

गेल्या वर्षी माझ्याकडे "नोंदवही" नावाच्या सॉफ्टवेअरची पानं आली. शेतातल्या प्रयोगांच्या नोंदी ठेवायला आठ-दहा मित्रांनी मिळून बनवलेलं, फुकट वाटलेलं आणि विशेष म्हणजे मराठीतलं. पानंसुद्धा मराठीत, एकूण एकेचाळीस. माझी मावसबहीण प्रणाली अकोल्याला शेतीसंशोधनात आहे, तुरीवर पीएचडी करते, आणि ती हेच सॉफ्टवेअर वापरते. तीन हंगाम तिनं तुरीच्या ओळींत बसून फुलं मोजली, शेंगा मोजल्या, अळ्या मोजल्या, आणि ते सगळं या नोंदवहीत भरलं. म्हणून मी जरा जास्तच जीव लावून कामाला लागलो.

आता तपासण्याची पद्धत. स्वतः दुरुस्त केलेलं स्वतः वाचलं की डोळे फितूर होतात. जे हवं ते दिसतं, जे आहे ते दिसत नाही. म्हणून मी आईला कामाला लावलं. आई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होती, भातकुलीकडे. आता निवृत्त. पण तिची खरी नोकरी वेगळीच. वर्षावासाचे तीन महिने आमच्या विहारात रोज ग्रंथवाचन असतं, आणि एकोणीस वर्षं ते आई वाचतेय. तिचा नियम एकच — एक शब्द पदरचा घालायचा नाही, एक शब्द गाळायचा नाही. वाचताना ती जुन्या लग्नपत्रिकेची कापलेली पट्टी ओळीखाली धरते, ओळ संपली की पट्टी खाली सरकवते. पट्टी सरकली की हातातलं कडं टेबलावर आपटतं... टक्. एक ओळ, एक टक्. विहारातली लहान पोरं या टकटकीवरच झोपी जातात.

तर आमची बैठक अशी. सकाळी नऊला चहा झाला की आई टेबलाच्या त्या बाजूला, हातात छापून काढलेलं पान. मी या बाजूला लॅपटॉप घेऊन, त्यावर पानाचा मूळ मजकूर, म्हणजे ज्याच्यापासून पान छापलं जातं तो. ती मोठ्यानं वाचणार, मी मूळ मजकुराशी ताडून बघणार, जुळलं की टिकमार्क. टिंब आलं की टिंब म्हणायचं, रेघ आली की रेघ म्हणायचं, हे तिला मी एकदाच सांगितलं. आणि फोन स्टीलच्या डब्याला टेकवून सगळं रेकॉर्ड करायचो, नंतर शंका आली तर ऐकता यावं म्हणून.

ही गोष्ट प्रणालीला कळली तेव्हा ती फोनवर ओरडलीच, "दादा, ते रेकॉर्डिंग मले पाठव! दिवसभर वावरात असतो आमी, उन्हात मोबाइलवर काही दिसत नाई. मावशीचं आयकत आयकत शेंगा मोजीन." मग मी रोजचं रेकॉर्डिंग तिला पाठवू लागलो. म्हणजे अख्ख्या महाराष्ट्रात मॅन पेज आवडीनं ऐकणारी एकच बाई आहे, आणि ती आमच्या घरातली आहे.

सतरावं पान "आवर" या आज्ञेचं होतं. जागा कमी पडली की नोंदवही आवरून द्यायची, नको त्या फायली काढून टाकायच्या, असं तिचं काम. आपोआप तयार झालेलं हे पान फार भयंकर होतं, सगळा मजकूर एकाच लांबलचक ओळीत. मी ते सोडवलं. आमच्या धंद्यातला रिवाज आहे, मूळ मजकुरात एका ओळीवर एकच वाक्य ठेवायचं. तसं ठेवलं, समास नीट केला, पर्याय वेगळे केले. पान छापलं, आईनं वाचलं, मी ताडून पाहिलं, शेवटपर्यंत जुळलं. टिकमार्क केला आणि पान त्या मित्रांकडे पाठवून दिलं. त्यांनी ते सॉफ्टवेअरमध्ये घातलं, ते अकोल्यापर्यंत पोचलं.

आठवड्यानं, दुपारी जेवायच्या वेळेला, प्रणालीचा फोन. हसत होती की रडत होती तेच कळेना.

"दादा, मावशीले सांग, माह्या तीन सालाचा जीव वाचला!"

झालं असं होतं. तिच्या ऑफिसच्या कॉम्प्युटरमधली जागा भरली होती. तिनं "आवर" चालवायचं ठरवलं, आणि त्यातही "सगळं" हा पर्याय. नोंदवहीची एक खोड आहे — मागच्या हंगामांच्या नोंदी ती एका लपवलेल्या फोल्डरमध्ये नेऊन ठेवते, त्याचं नाव ".जुने". टिंबानं सुरू होणारी नावं कॉम्प्युटर दाखवत नाही, म्हणून टिंब. आणि "सगळं" म्हटलं की हे फोल्डरही साफ होतं, कायमचं. प्रणालीचे तीनही हंगाम तिथेच होते, आणि दुसरीकडे कुठेही नव्हते. हो, मला माहीत आहे, पीएचडी करणाऱ्या पोरीनं एक तरी प्रत ठेवायला पाहिजे होती. ते तिला आईनं नंतर चांगलं अर्धा तास सांगितलं.

पण त्या दिवशी सकाळी वावरात आईचं रेकॉर्डिंग ऐकताना तिच्या कानावर वाक्य पडलं होतं: "टिंब जुने या फोल्डरमधलं सगळं यात कायमचं पुसलं जातं, आधी दुसरीकडे प्रत काढून ठेवा." ती ऑफिसात आली, तिथे सोबत काम करणाऱ्या ढोरेला म्हणाली, "थांब, आधी कॉपी काढतो." ढोरेनं स्क्रीनवर पान उघडून वाचलं आणि म्हणाला, "असं काईच लिवलं नाई इथं. चालव बिनधास्त." त्यावर प्रणालीचं उत्तर, "मावशीनं वाचलं म्हनजे असंनच. तुले दिसत नसंन." ढोरे हसला. तिनं तरीही सगळं पेनड्राइव्हवर उतरवून घेतलं, मग आज्ञा चालवली... आणि ".जुने" चाटूनपुसून साफ. तीन हंगाम पेनड्राइव्हवर उरले.

"अन दादा," ती पुढे म्हणाली, "ढोरे म्हनते थे वाक्य कुठं हाये ते दाखव. अर्धा तास झाला, मले बी सापडून नाई राहिलं."

मी म्हटलं, असं कसं होईल, मी स्वतः ताडून पाहिलंय. हातातला घास तसाच ठेवून उठलो आणि आईनं वाचलेला तोच कागद काढला. समासात तिच्या पेन्सिलच्या खुणा होत्या. वाचला. पुन्हा वाचला.

वाक्य नव्हतं.

मूळ मजकूर उघडला. तिथे होतं. आणि मग मला भुताची भीती नाही, स्वतःची लाज वाटली. या पानांचा एक नियम आहे. मूळ मजकुरात ओळीच्या सुरुवातीलाच टिंब आलं, तर छापणारा प्रोग्राम ती ओळ मजकूर मानतच नाही. त्याला वाटतं, ही मला दिलेली सूचना आहे. सूचना ओळखीची नसली की तो मुकाट्यानं ओळ गिळतो. ना रिकामी जागा, ना तक्रार. माझ्याआधी सगळा मजकूर एकाच ओळीत होता, ".जुने" मध्येच कुठेतरी होतं, म्हणून वाक्य शाबूत होतं. मी एका ओळीवर एक वाक्य केलं आणि ते टिंब नेमकं ओळीच्या डोक्यावर आणून बसवलं. म्हणजे बहिणीच्या तीन वर्षांच्या मेहनतीवर मीच, माझ्या हातानं, पान "सुधारून" पाणी ओतायला निघालो होतो. नियम मला पाठ होता. दहा जणांना मी तो शिकवलाय.

दुरुस्ती दोन मिनिटांची. टिंबाच्या आधी एक खूण टाकायची, जी छापली जात नाही, पण तिच्यामुळे टिंब ओळीत पहिलं राहत नाही. टाकली. वाक्य पानावर आलं. नवं पान पाठवलं, माफी मागितली, पुन्हा जेवायला बसलो, तेव्हा कुठे खरा प्रश्न डोक्यात शिरला.

कागदावर वाक्य नव्हतं... तर आईनं वाचलं काय?

रेकॉर्डिंग लावलं. आईचाच आवाज, नेहमीचा, ग्रंथवाचनाचा, संथ. आधीचं वाक्य, टक्. मग "टिंब जुने या फोल्डरमधलं सगळं..." शेवटपर्यंत, टक्. मग पुढचं वाक्य. कुठे अडखळणं नाही, आवाज बदलणं नाही. कागदावरच्या ओळी मोजल्या, तेवीस. रेकॉर्डिंगमधले टक् मोजले, चोवीस. पुन्हा मोजले. दोन्ही वेळा चोवीस!

रविवारी प्रणाली अकोल्याहून आली, सोबत लॅपटॉप आणि पेनड्राइव्ह. पेनड्राइव्ह तिनं ओढणीच्या टोकाला गाठ मारून बांधला होता. मी गिला वडा आणून ठेवला होता. टेबलावर तिघं बसलो आणि माझी चौकशी सुरू झाली. मी म्हटलं, प्रत्येक गोष्टीला कारण असतं, आपण शोधू.

आई लॅपटॉप बघून वाचत असेल? त्याच खुर्च्यांवर बसून पाहिलं. लॅपटॉपची पाठ तिच्याकडे, माझ्या मागे भिंत, भिंतीवर कॅलेंडर. काच नाही, आरसा नाही. मी ते वाक्य आधी तोंडानं पुटपुटलो असेन? रेकॉर्डिंगमध्ये मी फक्त एकदा शिंकलोय, तेही खूप आधी. आईनं जुनं पान, वाक्य शाबूत असलेलं, कधी पाहिलं असेल? ते मी छापलंच नव्हतं, आणि लॅपटॉपला ती हात लावत नाही. दोन वेगळे कागद? कागद एकच, तिच्याच खुणांचा.

शेवटी प्रणालीनं चूक केली. ती म्हणाली, "मावशी, तू मनानं वाचलं काय व थे?"

आईनं हातातला वडा खाली ठेवला.

"मनानं? म्या? एकोनीस वर्सं झाले विहारात वाचून राहिली. एक काना इकडचा तिकडं नाई केला कधी. अन या तुमच्या आवराआवरीत मनानं टाकू? मले त्यातलं कळते तरी काय?"

"मग कुठून आलं?" मी विचारलं.

"कागदावर होतं म्हनून वाचलं ना रे!"

"आई, कागदावर नाही."

"मंग तवा असंन."

मी तिच्यापुढे तोच कागद ठेवला. म्हटलं, वाच. पट्टी लावली, चष्मा पुसला, वाचलं. तेवीस ओळी, तेवीस टक्. पुन्हा वाचायला लावलं. तेवीस. तिसऱ्यांदा ती चिडली. "नाई त्यात तं कशी वाचू? तुमचं डोकं फिरलं काय दोघाईचं?" शेवटी रेकॉर्डिंग ऐकवलं, ते तिनं दोनदा ऐकलं. मग म्हणाली, "माहाच आवाज आहे." आणि वडा संपवला.

प्रणाली निघताना आईच्या गळ्यात पडली आणि खरंच रडली. तीन हंगाम म्हणजे काय, हे तिला माहीत. गेलेली तूर पुन्हा फुलत नाही, मागच्या वर्षीची अळी पुन्हा मोजता येत नाही. आई तिच्या पाठीवर थोपटत होती आणि मी बाजूला उभा राहून डोळे पुसत होतो. त्यात लपवण्यासारखं काही नाही.

पण मी स्वभावानं चिवट. दुसऱ्या दिवशी एक छोटासा प्रोग्राम लिहिला आणि एकेचाळीसही पानांत टिंबानं सुरू होणाऱ्या, गिळल्या गेलेल्या ओळी शोधल्या. आणखी दोन सापडल्या. एक सहाव्या पानावर, ".नमुना" फोल्डरमध्ये उदाहरणं ठेवली आहेत, अशी. दुसरी अकराव्या पानावर, ".रंग" फाइल बदलून अक्षरांचा रंग बदलता येतो, अशी. दोन्ही पानं आईनं वाचली होती, दोन्ही मी तपासली होती. आता आली मजा, म्हटलं. आईला जर न छापलेलं दिसत असेल, तर या दोन ओळीही रेकॉर्डिंगमध्ये असतील. आणि नसतील, तर आधीची काहीतरी फसगत.

दोन्ही रेकॉर्डिंग ऐकली. त्या ओळी नाहीत. आईनं छापलं होतं तेवढंच वाचलं होतं, टक् आणि ओळी बरोबर जुळतात. आणि मी, मूळ मजकूर डोळ्यांसमोर असूनही, दोन्ही वेळा न वाचलेल्या ओळीवर खुशाल टिकमार्क करून पुढे गेलोय. म्हणजे माझ्या तपासणीची काय किंमत, तेही कळलं.

पण त्यामुळे कोडं सुटायच्या ऐवजी जास्तच अडकलं. फसगत म्हणावी, तर आवाज आहे, चोवीस टक् आहेत, पेनड्राइव्हवर तीन हंगाम आहेत. आईची काही शक्ती म्हणावी, तर बाकीच्या दोन ओळी तिला का दिसल्या नाहीत? ग्रुपवर कोणी कॉम्प्युटरवाले असतील, डॉक्टर असतील, तर जरूर सांगा. मी रेकॉर्डिंग कितीदा ऐकलं असेल, त्याची गणती नाही.

आईला मात्र मी ते दोन ओळींचं सांगितलं. ती ओट्याशी मेथी निवडत होती. म्हटलं, "बघ ना, तिन्ही ओळी सारख्याच गेल्या होत्या. तू एकच वाचलीस. त्या दोन का नाही वाचल्या?"

आईनं मान वर केली नाही. काडी मोडत म्हणाली, "त्या दोघी नसल्यानं कोनाचं काय बिघडून राहिलं होतं?"

"म्हणजे... तुला माहीत होतं?"

"मले काय माईत रे बाप्पा? तू सांगून राहिला म्हनून बोलली." आणि तिनं निवडलेली मेथी धुवायला माझ्या हातात दिली.